विश्लेषण : चिलापीला विषाणू लागला तर? शेततळ्यातल्या माशाची प्रतिकारशक्ती नेमकी कुठे हरते?

पहाटे शेततळ्यावर जावं आणि कडेला पोट वर करून मासे तरंगताना दिसावेत, ही मत्स्यपालकाच्या मनातली सगळ्यात मोठी भीती. त्यानंतरच्या तासाभरात काय होतं, तेही आता ठरल्यासारखं झालं आहे. फोटो निघतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो आणि उत्तरं यायला लागतात. कुणी म्हणतं चुना टाका, कुणी म्हणतं खाद्यात अँटिबायोटिक मिसळा, कुणी हळद-लसणाचा उपाय सांगतं. मध्येच कुणीतरी ‘या भागातले मासे खाऊ नका’ असा मेसेज पुढे ढकलून मोकळं होतं.

या गडबडीत एक साधा प्रश्न मागे राहतो. माशालाही रोगाशी लढायची ताकद असते ना? मग ती काय करत होती?

अहिल्यानगरसारख्या, समुद्र नसलेल्या पण धरणं आणि शेततळी भरपूर असलेल्या जिल्ह्यात हा प्रश्न आता नुसता कुतूहलाचा राहिलेला नाही. त्यात लोकांचे पैसे अडकले आहेत.

हा विषय आत्ताच का?

२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याला वीज, कर्ज, विमा यात ज्या सवलती मिळतात, त्या मत्स्यपालकालाही मिळाव्यात, हा त्यामागचा हेतू. त्याआधी २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून राज्यभर शेततळी झाली. अहिल्यानगरच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत डाळिंब आणि इतर फळबागा जगवायला खोदलेल्या, प्लास्टिक कागद अंथरलेल्या तळ्यांत ‘पाणी आहेच, तर मासेही सोडू’ असा विचार होणं स्वाभाविक आहे. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, पंगस आणि तिलापिया हे त्यातले नेहमीचे मासे.

तिलापिया म्हणजेच आपली चिलापी. उजनीच्या काठावर हे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. उजनीचा फुगवटा पुणे आणि सोलापूरबरोबर अहिल्यानगरच्या कर्जत तालुक्यालाही लागतो. जायकवाडीचं पाणी नेवासा आणि शेवगावपर्यंत येतं. राहुरीजवळ मुळा धरण आहे, अकोल्यात भंडारदरा आणि निळवंडे. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन प्रकारचे मासे आणि दोन प्रकारची माणसं आहेत. एक, स्वतःच्या शेततळ्यात विकतचं बीज आणि विकतचं खाद्य टाकणारा शेतकरी. दुसरा, धरणात जाळं टाकून पोट भरणारा मच्छीमार. त्याचं तळं नाही, कर्ज नाही, विमाही नाही.

माशाच्या विषाणूची गोष्ट या दोघांनाही लागू होते. कशी, ते पुढे येईलच.

चिलापीचा हा विषाणू कोणता?

चिलापी हा काटक मासा म्हणून ओळखला जातो. गढूळ पाणी, कमी ऑक्सिजन, निकृष्ट खाद्य, काहीही चालवून घेतो. कार्प जातीच्या माशांनंतर जगात सर्वाधिक पाळला जाणारा माशांचा गट हाच. म्हणून २००९ च्या सुमारास इस्रायलमध्ये चिलापी मोठ्या संख्येने मरायला लागली, तेव्हा शास्त्रज्ञही बुचकळ्यात पडले. तिथल्या किनेरेट सरोवरात, म्हणजे गॅलिलीच्या समुद्रात, चिलापीच्या गटातल्या मुख्य खाद्य माशाचं उत्पादन २००५ मध्ये ३०० टनांहून जास्त होतं. २००९ मध्ये ते १० टनांच्याही खाली आलं.

२०१४ मध्ये कारण हाती लागलं. एक नवा विषाणू. त्याचं नाव ठेवलं ‘तिलापिया लेक व्हायरस’. त्याची जनुकीय माहिती दहा तुकड्यांत विभागलेली असते आणि त्याची घडण काहीशी फ्लूच्या विषाणूची आठवण करून देते. त्यानंतर तो इक्वाडोर, इजिप्त, थायलंड अशा वेगवेगळ्या खंडांतल्या देशांत सापडत गेला. मे २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने जगभरासाठी इशारा दिला. २०१८ मध्ये भारतातला अहवाल प्रसिद्ध झाला. पश्चिम बंगाल आणि केरळमधल्या शेतीतल्या चिलापीत हा विषाणू सापडला होता.

यातलं पश्चिम बंगाल हे नाव लक्षात ठेवा. देशातल्या मत्स्यबीजाचा फार मोठा व्यापार त्या राज्यातून चालतो आणि महाराष्ट्रातही बाहेरच्या राज्यांतून बीज येतं. हा विषाणू नगरला पोचला आहे, असं इथे म्हणायचं नाही. पोचायचं ठरवलं, तर त्याला तिकीट काढायची गरज नाही, एवढंच. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून, बोटुकल्यांच्या अंगात बसून तो येऊ शकतो.

माशाची प्रतिकारशक्ती असते कुठे?

माणसाच्या रक्तपेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. माशाच्या हाडांत अशी मज्जा नसते. त्याचं हे काम करतो मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग. डोक्यामागे, पाठीच्या कण्याला चिकटून हा काळपट लाल पट्टा असतो. मासा साफ करताना आपण तो खरवडून टाकतो. तोच माशाचा पेशींचा कारखाना. जोडीला प्लीहा आणि थायमस असतात. आपल्या काखेत किंवा जांघेत ज्या लसीका गाठी सुजतात, त्या माशाला नसतात.

पण त्याची पहिली तटबंदी याच्याही बाहेर आहे. मासा हातात धरला की निसटतो, तो अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे. हा थर नुसता घसरडेपणासाठी नाही. त्यात जंतूंना मारणारी द्रव्यं आणि प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, असतात. बोटुकल्या खरखरीत जाळ्यात घासल्या, कोरड्या हाताने धरल्या किंवा टोपल्यात दाटीने कोंबल्या, तर हा थर निघतो. भिंतीला भगदाड पडतं आणि ते आपणच पाडलेलं असतं.

दुसरी फळी लगेच धावून येणाऱ्या पेशींची. त्या ओळख विचारत नाहीत, परका दिसला की तुटून पडतात. तिसरी फळी शिकणाऱ्या पेशींची. एकदा आलेला शत्रू ओळखून त्याच्यासाठी नेमकी प्रतिपिंडं बनवायची आणि तो चेहरा लक्षात ठेवायचा, हे काम त्यांचं. माशात ही तिसरी फळी असते, पण ती संथ असते. पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडे लागतात आणि पाणी गार असेल तर आणखी जास्त.

विषाणू शिरला की आत काय घडतं?

विषाणूला स्वतःच्या बळावर वाढता येत नाही. त्याला पेशीत घुसून तिची यंत्रणा वापरावी लागते. कल्ले, कातडी किंवा आतडं यातून तो आत येतो.

पेशीच्या आत परकी जनुकीय सामग्री दिसली की पेशी ‘इंटरफेरॉन’ नावाचं रसायन सोडते. हा गावातला भोंगा समजा. तो वाजला की शेजारच्या पेशी दारं लावून घेतात आणि विषाणूची नक्कल थांबवणारी प्रथिनं बनवायला लागतात. इथे सुरू होते शर्यत. भोंगा वेळेवर वाजला, तर विषाणू थोड्याच पेशींत अडकतो आणि माशाला बाहेरून काही झाल्याचं कळतही नाही. पण विषाणूही तयारीने आलेला असतो. अनेक विषाणूंकडे हा भोंगा दाबून टाकायच्या युक्त्या असतात.

शर्यत हातची गेली, तर विषाणू रक्तातून पसरतो. तिलापिया लेक विषाणूचा मुख्य मारा यकृतावर होतो, पण तो प्लीहा, मूत्रपिंड आणि मेंदूपर्यंतही जातो. आता वर सांगितलेला कारखाना आठवा. प्लीहा आणि मूत्रपिंड म्हणजेच माशाच्या प्रतिकारशक्तीची मुख्य ठाणी. चोर पकडायला निघालेल्या पोलिसांच्या चौकीतच चोराने बिऱ्हाड थाटावं, तसा हा प्रकार.

काही विषाणू तर थेट याच ठाण्यांवर जातात. एका विषाणूचं इंग्रजी नावच ‘प्लीहा आणि मूत्रपिंड कुजवणारा’ अशा अर्थाचं आहे. गोल्डफिशला होणारा एक नागीण गटातला विषाणू रक्तपेशी बनवणाऱ्या ऊतींचाच नाश करतो. तोही भारतात पश्चिम बंगालमध्ये नोंदला गेला आहे. अशा वेळी मासा फक्त त्या विषाणूपुढेच हरत नाही. पुढे येणाऱ्या कुठल्याही जंतूशी लढायला त्याच्याकडे माणसं उरत नाहीत.

माशालाही ताप येतो का?

या सगळ्या विषयातली सर्वात मजेदार आणि मत्स्यपालकाने सर्वात जास्त मनावर घ्यावी अशी गोष्ट ही आहे.

मासा थंड रक्ताचा. पाण्याचं तापमान तेच त्याच्या अंगाचं तापमान. त्यामुळे आपल्यासारखा आतून ताप आणणं त्याला जमत नाही. मग आजारी मासा काय करतो? तो उठून गरम पाण्याकडे जातो. ताप बाहेरून उसना घेतो.

बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये हे सायप्रिनस माशावर दाखवलं. त्यांनी २४, २८ आणि ३२ अंश अशी वेगवेगळी उष्णता असलेले कप्पे एकमेकांना जोडले आणि माशांना नागीण गटातल्या एका घातक विषाणूची लागण केली. ज्यांना २४ अंशांतच कोंडलं, ते मेले. ज्यांना मोकळीक होती, ते गरम कप्प्यात सरकले आणि वाचले. त्याहून नवल म्हणजे हा विषाणूही गप्प बसत नाही. माशाच्या शरीरात ‘गरम जागी जा’ असा निरोप देणारं एक रसायन असतं. विषाणू ते अडवणारा नकली पकडसापळा तयार करतो, म्हणजे माशाला गरम पाण्याकडे जायला उशीर होतो आणि विषाणूला वाढायला वेळ मिळतो.

आता हे शेततळ्याला लावून बघा. नदीत किंवा धरणात आजारी मासा उथळ, उन्हाने तापलेल्या कडेला जाऊ शकतो. यूट्यूबवर पाहून उभारलेल्या गोल बायोफ्लॉक टाकीत तो कुठे जाणार? तिथे वर, खाली, कडेला पाणी सारखंच. शेजारी हजारभर मासे आणि जायला जागा नाही. माशाच्या हातातलं एक हत्यार आपण टाकी बांधतानाच काढून घेतलेलं असतं.

हा उपाय मात्र सरसकट लागू पडत नाही. गरम पाणी प्रत्येक विषाणूला मारत नाही. सायप्रिनसचा तो विषाणू ३० अंशांच्या वर ढिला पडतो. चिलापीच्या विषाणूच्या साथी मात्र साधारण २२ ते ३२ अंशांच्या पाण्यात नोंदल्या गेल्या आहेत. नगरच्या शेततळ्याचं पाणी वर्षातला बराच काळ याच पट्ट्यात असतं.

पाणी बिघडलं की प्रतिकारशक्ती का पडते?

माशाची प्रतिकारशक्ती त्याच्या अंगात असली, तरी तिची किल्ली पाण्यात असते. तीन गोष्टी इथे महत्त्वाच्या.

पहिली, तापमान. नगर जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री राज्यातल्या थंड जागांमध्ये मोडतात आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाणी हवेइतकं पटकन बदलत नाही, पण उथळ तळं बरंच बदलतं. गार पाण्यात माशाची शिकणारी तिसरी फळी सुस्तावते. म्हणून हिवाळ्यात लागलेला रोग पुष्कळदा हिवाळा संपताना, पाणी तापायला लागल्यावर बाहेर पडतो. तोवर जंतू जागे झालेले असतात आणि मासा अजून सावरलेला नसतो.

दुसरी, ऑक्सिजन. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांवर तो साडेसातपर्यंत उतरतो. म्हणजे उन्हाळ्यात माशाची गरज वाढते, तेव्हाच पुरवठा घटतो. धापा टाकणारा मासा लढाईसाठी शक्ती कुठून आणणार?

तिसरी, ताण. दाटी, सततची हाताळणी, लांबचा प्रवास, अमोनिया साचलेलं पाणी, या सगळ्याने माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. हे ताणाचं संप्रेरक माणसातही असतं. थोडा वेळ वाढलं तर मदतच करतं. दिवसेंदिवस वाढलेलं राहिलं, तर पांढऱ्या पेशींची संख्या आणि ताकद दोन्ही खाली आणतं.

थायलंडमधला अनुभव इथे बोलका आहे. तिथे चिलापीची मोठी मर बहुतेकदा बीज केंद्रातून पिंजऱ्यात सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात दिसली आणि मरीचं प्रमाण २० ते ९० टक्के इतकं होतं. प्रवास, नवं पाणी, नवी गर्दी आणि विषाणू हे सगळं एकाच महिन्यात अंगावर येतं.

एकटा विषाणू आणि जोडीला जिवाणू

तळ्याच्या पाण्यात एरोमोनाससारखे जिवाणू कायमच असतात. धडधाकट मासा त्यांना दाद देत नाही. पण विषाणूने फळी फोडली की हेच शेजारी घरात घुसतात.

थायलंडमध्येच झालेल्या एका प्रयोगात हे आकड्यांत दिसलं. नुसता एरोमोनास टोचलेल्या चिलापीत शंभरातले साधारण सात मासे मेले. नुसता तिलापिया लेक विषाणू दिलेल्यांत साधारण चौतीस. दोन्ही एकत्र दिले, तेव्हा त्र्याण्णव. सात आणि चौतीस मिळून एक्केचाळीस होतात, त्र्याण्णव नाही. मधला फरक म्हणजे मोडलेली प्रतिकारशक्ती.

याचा एक व्यावहारिक अर्थ आहे. अंगावर लाल चट्टे, झडलेले खवले, फुगलेलं पोट दिसलं आणि तपासणीत जिवाणू सापडला, म्हणजे खरं कारण सापडलं असं होत नाही. जिवाणू हा नंतर आलेला पाहुणा असू शकतो.

मग औषध काय? लस नाही का?

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. माणसाच्या सर्दीवर चालत नाही, तसंच माशाच्या विषाणूवरही. जोडीचा जिवाणू त्याने दबू शकतो, पण ते तज्ज्ञाने तपासून सांगायचं असतं. अंदाजाने खाद्यात मिसळलेलं अँटिबायोटिक तळ्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार करतं आणि त्याचे अंश माशातून आपल्या ताटात येतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं तर खाद्यप्राण्यांसाठी बंदच आहेत.

जीवनसत्त्व क, बीटा ग्लुकन यांसारखे घटक खाद्यात असले तर माशाची पहिली फळी थोडी सजग राहते. पण ती लढाईआधीची शिदोरी झाली. मर सुरू झाल्यावर त्यांनी साथ थांबत नाही. हळद-लसणाचंही तेच.

लस हा खरा मार्ग आहे, हे नॉर्वेने दाखवून दिलं. तिथे १९८७ च्या सुमारास सॅमन माशासाठी दरवर्षी पन्नास टनांच्या आसपास अँटिबायोटिक वापरलं जात होतं. जिवाणूंविरुद्धच्या लसी आल्यावर हा वापर जवळजवळ संपला. पण सॅमन महाग मासा आहे, एकेकाला टोचणं परवडतं. काही रुपयांच्या बोटुकलीला कोण टोचणार? तिलापिया लेक विषाणूवरच्या लसींचे प्रयोग सुरू आहेत, पण नगरच्या शेतकऱ्याने आज त्या भरवशावर बीज सोडू नये.

साथीतून वाचलेले मासे पुन्हा त्याच विषाणूला बऱ्यापैकी तोंड देतात. म्हणजे त्यांची तिसरी फळी शिकते. पण वाचलेला मासा विषाणू अंगात बाळगूनही राहू शकतो आणि आईबापाकडून पिल्लांकडे हा विषाणू जाऊ शकतो, याचेही पुरावे आहेत. म्हणून साथीतून उरलेले मासे पैदाशीला वापरणं किंवा शेजाऱ्याला बीज म्हणून देणं म्हणजे साथ वाटणं.

मेलेला प्रत्येक मासा विषाणूनेच मेला का?

नाही. शेततळ्यातली बहुतेक अचानक मर ऑक्सिजनअभावी होते. ओळखायची साधी खूण म्हणजे वेळ आणि वेग. ढगाळ हवेनंतरच्या पहाटे सगळ्या जातीचे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत आणि एका रात्रीत मोठे मासे आधी मेलेत, तर आधी ऑक्सिजनचा संशय घ्या. एरेटर लावा, ताजं पाणी सोडा, खाद्य थांबवा.

आज पाच, उद्या वीस, परवा साठ असा आकडा चढत असेल, एकाच जातीचे मासे मरत असतील, त्यांनी आधी खाणं सोडलं असेल, रंग काळपट झाला असेल, डोळे धुरकट किंवा खोल गेले असतील, कातडीवर लाली असेल, तर रोगाचा संशय घ्या. डोळ्यांनी एवढंच कळतं. विषाणू आहे की नाही, हे फक्त प्रयोगशाळेतली पीसीआर चाचणी सांगते. कोविडच्या काळात आपल्या नाकातल्या नमुन्याची झाली, तीच पद्धत.

त्यासाठी नमुना नीट हवा. कुजलेला मासा उपयोगाचा नाही. नुकताच मेलेला किंवा मरायला टेकलेला मासा बर्फात ठेवा आणि जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयाला लगेच कळवा. केंद्र सरकारचा माशांच्या रोगांवर लक्ष ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याच्याच अंतर्गत २८ जून २०२३ रोजी ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल अ‍ॅप आलं. माशाचा फोटो आणि माहिती त्यावरून थेट तज्ज्ञांपर्यंत पोचवता येते. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालयं आहेत. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला हरकत नाही. पण तो या अ‍ॅपवर आधी टाका.

धोका नेमका कुणाचा?

आता सुरुवातीच्या त्या दोन माणसांकडे परत येऊ.

शेततळेवाल्याचं नुकसान दिसतं. बीज, खाद्य, वीज, सगळं गेलं. त्याच्यासाठी निदान विम्याचा विचार तरी झाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत विमा काढणाऱ्याला हप्त्याच्या ४० टक्के रक्कम एकदा प्रोत्साहन म्हणून मिळते. तिची मर्यादा हेक्टरी २५ हजार रुपये आणि चार हेक्टरपर्यंत जास्तीत जास्त १ लाख रुपये अशी आहे. मात्र सही करण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा. या पॉलिसीत रोगाने झालेली मर धरली आहे का? मूळ विम्यात पूर, वादळासारख्या आपत्ती असतात. रोगासाठी सर्वंकष विमा वेगळा घ्यावा लागतो.

धरणावरच्या मच्छीमाराचं नुकसान मात्र कुठल्याच कागदावर येत नाही. समजा, फुगवट्याजवळच्या एका तळ्यात साथ आली. मालकाने घाबरून पाणी ओढ्याला सोडलं किंवा मेलेले मासे काठावर फेकले. बगळे आणि पाणकावळे आपलं काम करतात, ओढा आपलं. विषाणू धरणात गेला, की तिथल्या पाण्याला चुना मारता येत नाही आणि तिथल्या माशांना बाहेर काढून वेगळं ठेवता येत नाही. किनेरेटच्या सरोवरात उत्पादन पडलं, त्याला एकच कारण नव्हतं, पण मोकळ्या पाण्यात विषाणू पसरला की हातात काही राहत नाही, हा धडा तिथला आहेच. उजनीच्या काठावर चिलापीवर चूल पेटवणाऱ्या घरांना तो परवडणारा नाही.

म्हणूनच तिलापिया पाळायला राज्याच्या मत्स्य विभागाची परवानगी, मान्यताप्राप्त केंद्राचंच बीज आणि तळ्यातून मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून जाळ्या, अशा अटी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहेत. गावाकडे या अटी ‘सरकारी कटकट’ म्हणून सोडून दिल्या जातात. प्रत्यक्षात त्या शेजाऱ्याच्या पोटाची काळजी आहेत.

कृषी दर्जाच्या निर्णयाचं मूल्यमापनही इथेच करायला हवं. वीज स्वस्त झाली आणि कर्ज सोपं झालं, की तळी वाढतील, बीजाची मागणी वाढेल, ट्रक वाढतील. बीजाची तपासणी त्याच वेगाने वाढली नाही, तर सवलतीने वाढवलेला धंदा एका पिशवीतल्या विषाणूपुढे उघडा पडेल. गाईला टॅग आणि लसीकरणाची नोंद असते. बोटुकल्यांच्या पिशवीसोबत ‘तपासलेलं बीज’ असा कागद मागायची सवय अजून लागायची आहे.

शेतकऱ्याच्या हातात काय आहे?

बीज घेताना पैदास कुठली, तपासणी झाली का, हे विचारा आणि पावती घ्या. नवं बीज थेट मोठ्या तळ्यात न सोडता दोन ते तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. विषाणू अंगात असेल, तर प्रवासाच्या ताणाने तो बहुतेकदा याच काळात डोकं वर काढतो. सोडताना पिशवी आधी तळ्याच्या पाण्यात तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. दाटी आवरा. पहाटेचा ऑक्सिजन मोजा. एका तळ्यातलं जाळं आणि बादल्या दुसऱ्या तळ्यात नेण्याआधी निर्जंतुक करून उन्हात वाळवा. मेलेले मासे रोज काढा, चुना टाकून खोल पुरा. तळ्याचं पाणी ओढ्यात सोडू नका.

आणि मासे खायचे की नाही?

तिलापिया लेक विषाणू माणसाला लागल्याची नोंद नाही आणि त्यापासून लोकांच्या आरोग्याला धोका मानला जात नाही. मासा, मग तो कुठलाही असो, आजारी किंवा मेलेला सापडला असेल तर खाऊ नये, हा घरातला जुना नियम तेवढा पाळा. ताजी, नीट शिजवलेली चिलापी खायला हरकत नाही. ‘खाऊ नका’ हा मेसेज पुढे ढकलताना लक्षात ठेवा. त्याने विषाणूचं काही बिघडत नाही, भिगवणच्या बाजारात बसलेल्या बाईचा दिवस मात्र बुडतो.

शेवटी, तो सुरुवातीचा प्रश्न. माशाची प्रतिकारशक्ती काय करत होती? बहुतेक वेळा ती लढतच होती. अंगावरचा थर हाताळणीत निघालेला, पाण्यात ऑक्सिजन कमी, दाटीने कॉर्टिसॉल चढलेलं, गरम जागी जायला वाट नाही आणि समोर तिच्याच ठाण्यात शिरलेला विषाणू. या लढाईचा निकाल मर दिसली त्या पहाटे लागत नाही. तो बीज विकत घेतलं त्या दिवशीच बराचसा लागलेला असतो.